काकांना ब्लॉक करण्याआधी



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय 17, श्लोक 15

सतराव्या अध्यायात भगवंत तपाचे तीन प्रकार सांगतात. एक शरीराचं, एक वाणीचं, एक मनाचं. आजचा श्लोक वाणीच्या तपाचा आहे. बोलणं कसं असावं? समोरच्याला अस्वस्थ न करणारं, खरं, प्रिय आणि हिताचं. आणि जोडीला स्वाध्याय, म्हणजे नित्य वाचन-चिंतन.

तप म्हटलं की आपल्याला हिमालय आठवतो. पण हे तप बोरीवली-चर्चगेट लोकलमध्ये उभ्याने, एका हाताने कडी धरून आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टाइप करताना करायचंय. आणि खरं सांगू का, हिमालय परवडला!

2024 साली मुंबईने सहा महिन्यांत दोनदा मतदान केलं, 20 मे रोजी लोकसभेसाठी आणि 20 नोव्हेंबरला विधानसभेसाठी. त्या काळात आपल्यापैकी किती जणांच्या फॅमिली ग्रुपवर कोणी ना कोणी 'लेफ्ट' झालं? काका एका पक्षाचे, भाचा दुसऱ्या. आधी फॉरवर्ड, मग टोमणा, मग 'तुमच्यासारख्या लोकांमुळेच...' आणि शेवटी ब्लॉक. निवडणूक संपली, पण भाऊबीजेचा फोन काही पुन्हा सुरू झाला नाही.

गंमत बघा. 2022 मध्ये शिवसेना फुटली, 2023 मध्ये राष्ट्रवादी. कालचे विरोधक आज एका मंचावर, कालचे सोबती समोरासमोर. नेत्यांनी बाकं बदलली, आपण मात्र ब्लॉक केलेले काका ब्लॉकच ठेवले. हे नवीनही नाही. 1977 साली समाजवादी मृणाल गोरे जनता पक्षातर्फे आपल्या उत्तर मुंबईच्या खासदार झाल्या. 1978 साली जनसंघातून आलेले राम नाईक त्याच पक्षातर्फे बोरीवलीचे आमदार झाले. पुढे वाटा पुन्हा वेगळ्या झाल्या. राजकारणातल्या रेषा अशा सरकत राहतात. त्या रेषेवर नाती तोडायची का, हा प्रश्न आपला आहे.

आता माउलींकडे येऊ. या श्लोकावर ज्ञानेश्वरीत दोन सुंदर दाखले आहेत. पहिला परिसाचा. परीस लोखंडाचं सोनं करतो, पण लोखंडाला तोडत नाही, त्याचं वजनही घटवत नाही. आपल्या शब्दांनी माणूस बदलावा असं वाटत असेल, तर आधी तो अखंड राहायला हवा. चारचौघांत अपमान झालेला माणूस मत बदलत नाही, आणखी घट्ट धरून बसतो.

दुसरा दाखला पाण्याचा. पाणी घालतो झाडाला, पण आजूबाजूचं गवतही जगतं. तसं एकाशी बोललेलं सगळ्यांच्या हिताचं व्हावं. मला तर हा ग्रुपचाच दाखला वाटतो. आपण उत्तर देतो काकांना, पण वाचत असतात चाळीस जण. त्यात आजी असते, आणि राजकारण म्हणजे काय हे नुकतंच शिकणारी नववीतली बहीणही असते.

'पण मग खोटं खपवून घ्यायचं का?' असं कोणी विचारेल. मुळीच नाही. भगवंतांनी 'प्रिय' सांगितलंय, तसं 'सत्य'ही सांगितलंय. विरोध जरूर करावा. प्रत्यक्ष महाभारतात बघा. गीता सांगून झाली, सैन्यं समोरासमोर उभी आहेत, आणि युधिष्ठिर कवच उतरवून, शस्त्रं ठेवून पायी शत्रूच्या सैन्याकडे निघतो. भाऊ घाबरतात. तो जाऊन भीष्म, द्रोण, कृप, शल्य यांना वंदन करतो, युद्धाची परवानगी आणि आशीर्वाद मागतो. मग परत येऊन लढतो. लढाई त्याने सोडली नाही, आणि नमस्कारही सोडला नाही.

आपल्या मातीतलं उदाहरण टिळक-आगरकरांचं. दोघेही जुलै 1856 चे, जन्मात फक्त नऊ दिवसांचं अंतर. डेक्कन कॉलेजातले मित्र. 1880 मध्ये चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढलं, 1881 मध्ये 'केसरी', ज्याचे संपादक होते आगरकर. 1882 मध्ये कोल्हापूर प्रकरणात दोघांनी मुंबईतच, डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र काढले. आणि मग मतभेद झाले. आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय हक्क? आगरकरांनी 1887 मध्ये 'केसरी' सोडला आणि 1888 मध्ये 'सुधारक' काढला. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यावर दोघे उघड विरुद्ध बाजूंना होते. लेखण्या धारदार होत्या, शब्द लागतही होते. पुण्यातल्या सनातनी मंडळींनी तर जिवंत आगरकरांची प्रेतयात्रा काढली.

17 जून 1895 रोजी आगरकर गेले. वय अवघं 38. 'केसरी'त मृत्युलेख लिहिला टिळकांनी, आणि जुन्या मित्राबद्दल गौरवाने लिहिला. मतं जिथल्या तिथे होती, पण माणसाचं मोल विसरलं गेलं नव्हतं. तरीही मला एक गोष्ट टोचते. तो मृत्युलेख आगरकर वाचू शकले नाहीत.

म्हणून, मित्रांनो, 'तुमचं मत मला पटत नाही, पण तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे' हे वाक्य श्रद्धांजलीसाठी राखून ठेवू नका. माणूस समोर असतानाच बोला.

आजचा अभ्यास

1. राजकीय मेसेज पाठवण्याआधी चार प्रश्न विचारा : खरं आहे का? हिताचं आहे का? याहून गोड शब्दांत सांगता येईल का? वाचून कोणाच्या मनात फक्त काहूर माजेल का?

2. वाद घालायचाच असेल तर ग्रुपवर नको. फोन करा. 'काका, जेवलात का?' इथून सुरुवात करा.

3. ज्याचं मत पटत नाही अशा एका माणसाचा एक चांगला गुण आज वहीत लिहा. जमलं तर त्याला कळवा.

प्रार्थना

हे पांडुरंगा, माझं मत ठाम राहू दे, पण वाणी मवाळ ठेव. ज्याच्याशी माझं पटत नाही, त्याच्याही हृदयात तूच उभा आहेस, हे मला ऐन वादात आठवू दे.

राम कृष्ण हरी!