इमारतीच्या आत स्थाननिश्चिती : रेडिओ लहरींचा उपयोग

उपग्रहांच्या साह्याने स्थान ठरविणे आता नित्याचे झाले आहे. तथापि रुग्णालय, भुयारी रेल्वे स्थानक किंवा बहुमजली इमारतीत ही यंत्रणा अपुरी पडते. अमेरिकेच्या जीपीएस प्रणालीचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून भ्रमण करतात. त्यांचे संकेत जमिनीवर पोहोचेपर्यंत अत्यंत क्षीण होतात आणि काँक्रीटचे छत त्यांना बहुतांशी अडविते. भारताच्या ‘नाविक’ प्रणालीलाही हीच मर्यादा आहे. म्हणून इमारतीच्या आत वाय-फाय, ब्लूटूथ यांसारख्या जवळच्या रेडिओ स्रोतांचा आधार घ्यावा लागतो. भारतात यांसाठी वापरला जाणारा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त करण्यात आला.

मोजमापाच्या तीन पद्धती

पहिली पद्धत संकेताच्या तीव्रतेवर आधारलेली आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की तीव्रता एकचतुर्थांश होते. इमारतीत मात्र भिंती, लोखंडी कपाटे आणि माणसांची शरीरेही लहरी शोषतात किंवा परावर्तित करतात. त्यामुळे हा नियम तंतोतंत लागू पडत नाही. यावर उपाय म्हणून प्रत्येक ठिकाणची तीव्रता आधी मोजून तिचा नकाशा तयार करतात व नंतरचे मोजमाप त्याच्याशी ताडून पाहतात. परमवीर बहल व वेंकट पद्मनाभन यांनी २००० मध्ये मांडलेल्या ‘रडार’ या प्रणालीत एका मजल्यावर केवळ तीन केंद्रे वापरून निम्म्या मोजमापांतील चूक सुमारे ३ मीटरच्या आत आणता आली. मात्र सामानाची मांडणी बदलली की नकाशा जुना होतो.

दुसरी पद्धत प्रवासकाळाची होय. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर अंतर कापते. म्हणजेच १० नॅनोसेकंदांची चूक ३ मीटरची ठरते. संकेत पाठवून त्याचे उत्तर परत येण्यास लागणारा काळ मोजल्यास दोन्ही उपकरणांची घड्याळे जुळवावी लागत नाहीत. अतिविस्तृत पट्ट्याच्या तंत्रात अतिशय अल्पकालीन स्पंद वापरले जातात. त्यामुळे थेट आलेला संकेत परावर्तित संकेतापासून वेगळा ओळखता येतो आणि अचूकता काही सेंटिमीटर ते काही दशक सेंटिमीटरपर्यंत जाते.

तिसऱ्या पद्धतीत अनेक अँटेनांवर संकेत किती कलांतराने पोहोचतो, यावरून त्याची दिशा काढतात. २०१९ च्या ब्लूटूथ ५.१ मानकात या सुविधेचा समावेश झाला.

प्रश्न मजल्याचा

आगीच्या वेळी बचाव पथकाला इमारतीचा पत्ता मिळाला, पण मजला कळला नाही, तर मोलाची मिनिटे शोधात जातात. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने २०१९ मध्ये यासाठी निकष ठरविला : उंची सांगू शकणाऱ्या मोबाइलवरून इमारतीच्या आतून केलेल्या ८० टक्के आपत्कालीन कॉलमध्ये उंचीतील चूक ३ मीटरपेक्षा अधिक नसावी. हे अंतर साधारणतः एका मजल्याइतके आहे. येथे रेडिओ लहरींच्या जोडीला वायुदाबमापक उपयोगी पडतो. समुद्रसपाटीजवळ दर मीटर उंचीमागे दाब सुमारे १२ पास्कलने घटतो. मात्र हवामानानुसारही तो बदलत असल्याने जवळच्या संदर्भ केंद्राशी तुलना करणे आवश्यक असते. ११२ हा एकच आपत्कालीन क्रमांक वापरणाऱ्या भारतातील उंच इमारतींनाही हा विचार लागू पडतो.

खासगीपणाची बाजू

जी यंत्रणा संकटात सापडलेल्याला शोधते, तीच कोण कोठे किती वेळ थांबला याची नोंदही ठेवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला. फोनने आसपासच्या केंद्रांचे संकेत ऐकून आपले स्थान स्वतःच काढले, तर माहिती वापरणाऱ्याच्या हाती राहते. केंद्रांनी फोनचा माग काढला, तर ती इमारतीच्या चालकाकडे जाते. म्हणून कोणत्याही योजनेचे मूल्यमापन करताना अचूकता व खर्च यांबरोबरच स्थानाची गणना कोठे होते, हेही पाहिले पाहिजे.