मुक्तस्रोत घटक : दाम नाही, पण अट आहे

संगणकावर चालणारी व्यापारी प्रणाली आज एकाच कारागिराच्या हातची क्वचितच असते. ती दुकानाची बिले करणारी असो, रुग्णालयाच्या नोंदी ठेवणारी असो वा घरोघरी इंटरनेट पोहोचविणाऱ्या लहानशा पेटीतील असो. तिच्या पोटात इतरांनी लिहिलेल्या कित्येक आज्ञावल्या बेमालूमपणे सांधलेल्या असतात. त्यांपैकी पुष्कळ आज्ञावल्या मुक्तस्रोत, म्हणजेच ओपन सोर्स, स्वरूपाच्या असतात. त्यांची मूळ संहिता, जिला सोर्स कोड म्हणतात, सर्वांना खुली असते. ती वापरता येते, बदलता येते आणि त्यासाठी सहसा दाम मोजावे लागत नाहीत. परंतु दाम नाही म्हणजे अटही नाही, हा व्यवहारात रूढ झालेला समज मात्र सर्वस्वी चुकीचा आहे. या समजापायी मोठमोठ्या उद्योगांनाही न्यायालयाची पायरी चढावी लागली आहे.

हक्क कोणाचा?

लेखकाने संहिता खुली केली म्हणजे तिच्यावरील हक्क सोडून दिला, असे नव्हे. आपल्या देशाच्या प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये संगणक आज्ञावलीचा समावेश साहित्यकृतीत केलेला आहे. वाचनालयात कादंबरी विनामूल्य वाचावयास मिळते, म्हणून ती कोणी आपल्या नावाने छापून विकू शकत नाही. आज्ञावलीचेही तसेच आहे. ती वापरण्याची अनुज्ञा परवान्यातून मिळते आणि त्या परवान्याच्या अटी पाळल्या तरच ती टिकते. ज्या संहितेसोबत कोणताच परवाना नाही, ती इंटरनेटवर सहज दिसत असली तरी उचलून आपल्या मालात घालण्याची मुभा नाही, हेही येथे ध्यानात ठेवावे.

परवान्यांचे दोन वर्ग

पहिला वर्ग उदार परवान्यांचा. एमआयटी, बीएसडी आणि अपाची हे परवाने यात मोडतात. त्यांची मुख्य अपेक्षा एवढीच की, मूळ लेखकाची प्रताधिकार-सूचना आणि परवान्याचा मजकूर मालासोबत कायम राहावा. स्वतः लिहिलेला भाग गुप्त ठेवण्यास या परवान्यांची हरकत नसते.

दुसरा वर्ग कॉपीलेफ्ट परवान्यांचा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये सिद्ध केलेला जीपीएल हा त्यांतील प्रमुख होय. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ मध्ये व तिसरी २००७ मध्ये निघाली. विख्यात लिनक्स प्रणालीचा गाभा दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. शेजारणीने विरजण देताना, ‘या विरजणाचे दही ज्याला द्याल, त्याला मागितल्यास विरजणही द्या,’ असे बजावावे, तशी ही अट आहे. दही विकण्यास मनाई नाही. विरजण दडविण्यास आहे. जीपीएल घटकावर उभारलेली प्रणाली जो दुसऱ्यास देतो, त्याने तिची मूळ संहिताही त्याच अटींवर उपलब्ध करून दिली पाहिजे. संस्थेने ती केवळ अंतर्गत कामासाठी वापरली, तर हे बंधन लागू होत नाही. २००७ च्या एजीपीएल परवान्याने मात्र, घटकात बदल करून इंटरनेटवरून सेवा देणाऱ्यांवरही ते बंधन घातले आहे.

दोन बोधप्रद प्रकरणे

अमेरिकेतील लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर २००३ च्या सुमारास बाजारात अतिशय खपत होता. त्याच वर्षी सिस्को कंपनीने लिंक्सिस विकत घेतली. राउटरमध्ये लिनक्स आहे, पण संहिता ग्राहकांना दिलेली नाही, असे जाणकारांच्या लक्षात आले. त्यातील चिप ब्रॉडकॉमची होती व प्रणालीचा काही भाग पुरवठादारांकडून आलेला होता. पण अखेरचा विक्रेता म्हणून उत्तरदायित्व लिंक्सिसवर आले. टीका वाढल्यावर संहिता खुली करण्यात आली आणि तिच्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हा उपयुक्त प्रकल्प जन्मास आला. तरीही अन्य उत्पादनांविषयीच्या तक्रारी मिटल्या नाहीत. डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर दावा दाखल केला. मे २००९ मध्ये तडजोड झाली. तीनुसार परवान्यांच्या पालनावर देखरेख ठेवणारा संचालक नेमण्याचे सिस्कोने मान्य केले व फाउंडेशनला आर्थिक साहाय्यही दिले.

दुसरे प्रकरण रॉबर्ट जेकबसन या भौतिकशास्त्रज्ञाचे. छंद म्हणून चालविल्या जाणाऱ्या छोट्या आगगाड्यांच्या नियंत्रणासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आज्ञावली लिहून विनामूल्य खुली केली होती. एका व्यावसायिकाने तिचा भाग श्रेय न देता आपल्या मालात वापरला. ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने असे स्पष्ट केले की, लेखकाने पैसा घेतला नसला तरी परवान्याच्या अटी प्रताधिकार कायद्याने बंधनकारक ठरू शकतात. ज्याने मोबदला मागितला नाही, त्याच्या शब्दालाही या निर्णयाने मोल लाभले.

उद्योजकांनी काय करावे?

१. प्रणालीतील प्रत्येक घटकाचे नाव, आवृत्ती, उगम व परवाना यांची नोंदवही ठेवावी.
२. घटक निवडतानाच परवाना वाचावा; विक्रीच्या आदल्या दिवशी नव्हे.
३. प्रताधिकार-सूचना व परवान्याचे मजकूर मालासोबत द्यावेत.
४. पुरवठादाराकडून घटकांची लेखी यादी घ्यावी.
५. कॉपीलेफ्ट घटकाविषयी शंका असल्यास विधिज्ञाचा सल्ला घ्यावा.

या नोंदवहीचा उपयोग केवळ कायद्यापुरता नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या मुक्तस्रोत घटकात गंभीर दोष उघडकीस आला, तेव्हा तो आपल्या मालात कोठे दडला आहे हे शोधण्यातच अनेक संस्थांचा बहुमोल वेळ गेला. ज्यांच्याकडे यादी तयार होती, त्यांना थेट दुरुस्तीस लागता आले.

केंद्र शासनाने २०१५ मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार शासकीय प्रणालींत मुक्तस्रोतास अग्रक्रम देण्यात येतो. लहान शहरांतील होतकरू उद्योजकांना ही मोठी संधी आहे, कारण महागडे परवाने विकत न घेताही त्यांना उत्तम प्रणाली घडविता येते. अनेक अनोळखी हातांनी उभारलेले हे भांडवल आहे. त्यावर व्यवसाय जरूर करावा. मात्र त्या हातांचे नाव आणि त्यांनी घातलेली अट, दोन्ही राखूनच करावा.