तलावाकाठचे घर : पाण्याची खरी हद्द

तलावाकाठी घर असावे, ही इच्छा स्वाभाविकच. परंतु उन्हाळ्यात दिसणारी पाण्याची कड ही तलावाची हद्द नव्हे. तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जेथवर पसरते, तेथे ती असते. हैदराबादचे उदाहरण पाहावे. २०१२ च्या इमारत नियमांनी १० हेक्टर व त्याहून मोठ्या तलावांच्या हद्दीपासून ३० मीटर जागा मोकळी ठेवण्यास सांगितले. जमीन खाजगी मालकीची असली, तरी पूर्ण संचय क्षेत्रात बांधकामास मनाई आहे. २०२४ मध्ये ‘हायड्रा’ या शासकीय यंत्रणेने अशी अनेक बांधकामे पाडली. घर पडले तरी कर्जाचे हप्ते उरतातच! यास्तव विसार देण्यापूर्वीच भूखंडाचा सर्वेक्षण क्रमांक महानगर विकास प्राधिकरणाच्या तलाव-नकाशावर पडताळून पाहावा व पाटबंधारे विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र मागावे.