चाकांवरचे घर आणि चार्ली

(अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक यांचा जन्म 1902 साली कॅलिफोर्नियातील सलीनास या गावी झाला. शेतमजुरांच्या व निर्वासितांच्या जीवनावरील त्यांच्या कादंबऱ्या जगभर वाचल्या गेल्या. 1962 साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रवासवर्णनाच्या आधारे हा पाठ लिहिला आहे.)

महाभारताच्या शेवटी एक हृद्य प्रसंग आहे. पांडव आणि द्रौपदी हिमालयाची वाट चालू लागतात, तेव्हा एक कुत्रा त्यांच्या मागोमाग निघतो. वाटेत एकेक जण गळून पडतो; कुत्रा मात्र धर्मराजाची साथ सोडीत नाही. अखेर स्वर्गात नेण्यासाठी इंद्राचा रथ येतो; परंतु कुत्र्याला त्यात जागा नसते. तेव्हा, माझ्या आश्रयाला आलेल्या या सोबत्याला टाकून मला स्वर्गही नको, असे धर्मराज निश्चयाने सांगतो. वाटेतल्या सोबत्याला वाटेत सोडू नये, हा या कथेचा बोध. हाच धडा आपल्या परीने गिरविणाऱ्या एका लेखकाची ही हकीकत आहे.

1960 साली जॉन स्टाइनबेक अठ्ठावन्न वर्षांचे होते. आदल्या हिवाळ्यात ते बरेच आजारी पडले होते. आता दगदग करू नका, असे सारे त्यांना सांगत होते. पण त्यांच्या मनाला वेगळीच टोचणी लागली होती. ज्या देशाविषयी आपण आयुष्यभर लिहिले, तो देश कित्येक वर्षांत आपण नीट पाहिलेलाच नाही. मग लिहिण्याचा अधिकार तरी आपल्याला काय? या विचाराने ते अस्वस्थ झाले आणि साऱ्या अमेरिकेला वळसा घालण्याचा त्यांनी संकल्प सोडला.

परंतु प्रवास करावा कसा? आगगाडीने जावे, तर रुळांजवळचाच प्रदेश दिसणार. मोठ्या हॉटेलांत उतरावे, तर कोणीतरी ओळखणार आणि मग माणसे मोकळेपणाने बोलणार नाहीत. म्हणून त्यांनी एक मजबूत मालवाहू मोटार तयार करवून घेतली आणि तिच्या पाठीवर लहानसे घर बसविले. त्या घरात झोपण्यास पलंग होता, स्वयंपाकास शेगडी होती. शीतपेटी, दिवे, कपाट, जाळीच्या खिडक्या, सारे काही होते. घराला चाके लावावीत आणि मनाला येईल तेथे मुक्काम करावा, असा हा बेत! या गाडीला त्यांनी 'रोसिनान्टे' असे नाव ठेवले. स्पॅनिश कादंबरीतील वेड्या शूरवीराच्या, डॉन किहोटेच्या, हडकुळ्या घोड्याचे हे नाव. आपल्याही मोहिमेला लोक वेडेपणाच म्हणणार, हे त्यांना ठाऊक होते.

एकट्याने इतका दूरचा प्रवास करणे कठीण. म्हणून त्यांनी एक सोबती घेतला. त्याचे नाव चार्ली. पूडल जातीचा हा थोराड, निळसर करड्या रंगाचा कुत्रा फ्रान्समध्ये जन्मला होता, आणि फ्रेंच भाषेतील आज्ञा त्याला चटकन समजत. वयाने तो म्हाताराच होता. स्वभावाने गरीब, सभ्य आणि थोडासा ऐटबाज. भांडणतंटा त्याला मुळीच खपत नसे.

23 सप्टेंबर 1960 रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील घरातून ही जोडी निघाली. निघण्यापूर्वीच 'डोना' नावाच्या प्रचंड चक्रीवादळाने त्या किनाऱ्याला तडाखा दिला होता. भर वादळात स्टाइनबेक पाण्यात शिरले आणि त्यांनी आपली नाव वाचविली. जणू काय पुढच्या प्रवासाची ती रंगीत तालीमच होती!

प्रवासास निघताना माणसाचा एक हमखास दोष असतो. न जाणो, लागले तर असावे, असे म्हणत तो सामान वाढवीत जातो. स्टाइनबेकही त्याला अपवाद नव्हते. हत्यारे, डबे, कपडे आणि कधी वाचून न झालेली जाडजूड पुस्तके यांनी रोसिनान्टे ठासून भरली. या जादा ओझ्याचा हिशोब पुढे चुकवावा लागला. तो कसा, ते आपण पाहूच. एक युक्ती मात्र त्यांनी नामी काढली. झाकणाची एक मोठी बादली ताणल्या जाणाऱ्या दोरीने त्यांनी गाडीत टांगली. सकाळी तीत पाणी, साबण आणि मळके कपडे टाकावेत. दिवसभर गाडीच्या हिसक्यांनी बादली डुलावी आणि संध्याकाळी कपडे स्वच्छ निघावेत! रस्त्याचे खाचखळगेसुद्धा असे कामाला लावता येतात.

माणसांशी ओळख करून देण्याचे काम चार्लीकडे होते. ईशान्येकडील मेन प्रांतात बटाटे काढण्यासाठी कॅनडातून फ्रेंच बोलणारी कुटुंबे आली होती. परक्या माणसाने त्यांच्या राहुटीपाशी एकदम जावे तरी कसे? स्टाइनबेक यांनी चार्लीला मोकळे सोडले. तो शेपटी हलवीत थेट त्या लोकांत जाऊन बसला. थोड्या वेळाने मालक त्याला आणावयास गेले, कुत्र्याने त्रास दिल्याबद्दल त्यांनी क्षमा मागितली, आणि बोलणे सुरू झाले. भाषेची, पैशाची, परकेपणाची भिंत एका मुक्या प्राण्याने पाडली.

पहिली फजिती झाली ती नायगाराच्या धबधब्यापाशी. तेथून कॅनडात शिरून जवळच्या वाटेने पुढे जाण्याचा त्यांचा बेत होता. सीमेवरील कॅनडाच्या अधिकाऱ्याने नम्रपणे विचारले, "कुत्र्याला पिसाळरोगाची लस टोचल्याचा दाखला आहे का?" लस पूर्वी कधीतरी टोचलेली होती, पण दाखला जवळ नव्हता. अधिकारी म्हणाला, "आमची हरकत नाही, परंतु परत जाताना तुमचेच सरकार या कुत्र्याला आत घेणार नाही." निरुपायाने गाडी मागे वळवावी लागली. मायदेशीच्या नाक्यावर पुन्हा उलटतपासणी झाली ती वेगळीच!

स्टाइनबेक या नियमांवर बरेच चिडले. परंतु मुलांनो, या नियमामागचे कारण आपण समजून घेतले पाहिजे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतून हा रोग माणसाला होतो, आणि त्याची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी बहुधा वाचत नाही. लस मात्र त्याला हमखास अडविते. म्हणून पाळलेल्या कुत्र्याला वेळच्या वेळी लस टोचणे आणि तिचा दाखला जवळ बाळगणे, हे प्रत्येक मालकाचे कर्तव्य होय.

दुसरा प्रसंग यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानातला. तेथे अस्वले मोकळी हिंडत. दारावरच्या रक्षकाने कुत्र्याविषयी सावध केले, तेव्हा स्टाइनबेक यांनी आपल्या चार्लीच्या सौम्यपणाची ग्वाही दिली. गाडी आत जाऊन मैलभर गेली नसेल, तोच रस्त्याकडेला एक अस्वल दिसले. त्याबरोबर हा गरीब चार्ली जणू वेडापिसा झाला! दात विचकून तो किंचाळू लागला, काचेवर धडका देऊ लागला. आणखी अस्वले दिसली आणि त्याचा आवेश वाढतच गेला. मालकांनी शहाणपणाने गाडी परत फिरविली. त्या रात्री चार्ली थकून झोपला; पण झोपेतही तो कण्हत होता. दहा वर्षे ज्याच्याबरोबर राहिलो, त्याच्या अंतरंगात काय दडले आहे हे आपल्याला कळलेले नसते, असा विचार स्टाइनबेक यांच्या मनात आला असेल, तर नवल नाही.

आतापर्यंतच्या अडचणी हसण्यावारी नेण्यासारख्या होत्या. पुढची तशी नव्हती. आयडाहोच्या डोंगराळ मुलखात चार्ली आजारी पडला. त्याला लघवी होईना. वेदनेने तो कळवळत होता. हा विकार दिसतो तितका साधा नव्हे. लघवी तुंबून राहिली म्हणजे शरीरातील विषारी द्रव्ये रक्तात साठतात आणि थोड्याच दिवसांत प्राणी दगावतो. आजूबाजूला डोंगर आणि सुनसान रस्ता. जवळ डॉक्टर नाही. पुढचा सारा बेत बाजूस सारून स्टाइनबेक यांनी गाडी भरधाव सोडली आणि स्पोकेन शहरी गुरांचा डॉक्टर गाठला. तो डॉक्टर काही मायाळू नव्हता. त्याने कुत्र्याला हात लावला तोही नाखुशीनेच. तरी औषध लागू पडले आणि चार्लीला उतार पडला. पुढे टेक्सासमधील अमरिलो गावी हाच आजार उलटला, तेव्हा मात्र एक तरुण डॉक्टर भेटला. त्याच्या हातांचा स्पर्श होताच चार्ली शांत झाला. चार दिवस त्याच्याकडे ठेवल्यावर तो ठणठणीत होऊन परतला. विद्या दोघांपाशीही होती. परंतु विद्येला मायेची जोड मिळाली म्हणजे रोग्याचे निम्मे दुखणे तेथेच हलके होते.

आता त्या जादा ओझ्याचा हिशोब. ऑरेगॉन प्रांतात रविवारच्या दिवशी, धो धो पावसात, रोसिनान्टेचा एक टायर फुटला. चिखलात आडवे पडून, गाडीखाली शिरून त्यांनी कसेबसे चाक बदलले. पण ओझ्याने दुसराही टायर जेरीस आला होता आणि आता जवळ जादा चाक उरले नव्हते. मुंगीच्या पावलांनी गाडी एका लहानशा गावातील पेट्रोलपंपावर पोचली. तेथील माणूस दिसावयास भयंकर होता: राक्षसी देह, चेहऱ्यावर व्रण, एक डोळा पांढरा. याच्यापासून चार हात दूर राहावे, असे कोणालाही वाटावे. परंतु त्याच माणसाने सुट्टीच्या दिवशी ठिकठिकाणी दूरध्वनी करून, हव्या त्या मापाचे मजबूत टायर शोधून काढले आणि काही तासांत ते बसविण्याची व्यवस्था केली. रूपावरून माणसाची पारख करू नये, हे आपण पुस्तकात शिकतो. स्टाइनबेक ते चिखलात उभे राहून शिकले.

पुढे मोजाव्हीच्या वाळवंटात त्यांना दोन रानकुत्री दिसली. कोल्ह्याएवढी ही जनावरे कोंबड्या मारतात, म्हणून लोक त्यांना दिसताच गोळी घालीत. स्टाइनबेक यांनीही बंदूक रोखली. पण चाप ओढवेना. येथे कोंबड्या नाहीत, यांनी कोणाचे काही बिघडविलेले नाही. मग मारावे कशासाठी? त्यांनी बंदूक खाली ठेवली, चार्लीच्या खाण्याचे दोन डबे उघडून तेथेच ठेवले आणि ते निघून गेले. आपल्या कुत्र्यासाठी ज्याचे मन कळवळते, त्याच्या मनात परक्या प्राण्यालाही जागा होते.

परतीच्या वाटेवर न्यू ऑर्लिन्स येथे त्यांना या प्रवासातील सर्वांत कटू दृश्य दिसले. त्या नोव्हेंबरात, आजवर केवळ गोऱ्या मुलांसाठी असलेल्या शाळेत रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी प्रथमच जाऊ लागली होती. रक्षकांच्या मधून चालणाऱ्या त्या चिमुरडीवर मोठ्या बायका शिव्यांचा वर्षाव करीत आणि जमाव टाळ्या पिटी. ते पाहून स्टाइनबेक यांचे मन विटून गेले. अस्वलाला पाहून चार्ली चवताळला, त्याचा निसर्गच तसा. पण ज्या जमावाला बुद्धी होती, त्याने लहान मुलीवर चवताळावे, याला काय म्हणावे?

सुमारे सोळा हजार किलोमीटर हिंडून ही जोडी घराकडे वळली, आणि गंमत अशी की, साऱ्या देशाची वाट शोधणारे स्टाइनबेक स्वतःच्या न्यूयॉर्क शहरात वाट चुकले! पुढे अभ्यासकांनी दाखविले की, पुस्तकातील सगळेच संवाद जसेच्या तसे घडलेले नाहीत. कादंबरीकाराच्या लेखणीने त्यांत रंग भरला आहे. तेव्हा ते साहित्य म्हणून वाचावे, रोजनिशी म्हणून नव्हे. चार्ली 1963 साली वारला. रोसिनान्टे मात्र आज सलीनास येथील स्टाइनबेक स्मारक केंद्रात उभी आहे.

आपल्याकडे 'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' अशी म्हण आहे. चार्लीची यात्रा तशी नव्हती. तो नुसता बरोबर गेला नाही. त्याने ओळखी करून दिल्या, काळजी करावयास लावली, आणि मालकाला थोडे अधिक माणूस करून घरी आणले.

शब्दार्थ

हृद्य – मनाला भिडणारा. टोचणी – मनाला लागलेली बोच. रंगीत तालीम – प्रयोगापूर्वीचा वेशभूषेसह सराव. नळा – बैलगाडीला टांगलेले वंगणाचे नळकांडे. जेरीस येणे – अगदी हैराण होणे. विटणे – किळस येणे.

स्वाध्याय

1. स्टाइनबेक यांनी आगगाडी व हॉटेले का टाळली?
2. नायगारापाशी गाडी मागे का वळवावी लागली? त्या नियमाचे कारण सांगा.
3. स्पोकेन व अमरिलो येथील डॉक्टरांची तुलना करा.
4. 'जादा ओझ्याचा हिशोब पुढे चुकवावा लागला.' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
5. अस्वल पाहून चवताळलेला चार्ली आणि शाळेपुढचा जमाव यांची तुलना लेखकाने कशासाठी केली असावी?
6. वाक्यात उपयोग करा: संकल्प सोडणे, ग्वाही देणे, हसण्यावारी नेणे, उतार पडणे.
7. प्राण्याला बरोबर घेऊन तुम्ही केलेल्या किंवा पाहिलेल्या प्रवासाचे पंधरा ओळींत वर्णन करा.