सायकलींचा परतीचा प्रवास

सायकलीवरून लांबच्या सफरीला निघणाऱ्यास जाण्याची चिंता फारशी वाटत नाही. चिंता असते ती परतण्याची. जाताना अंगात उत्साह असतो. परतताना पायांत गोळे आलेले असतात आणि सुट्टी संपलेली असते. अशा वेळी आगगाडी आठवते. परंतु माणसाने गाडीत बसणे सोपे, सायकलीला गाडीत बसवणे तितके सोपे नाही. ही गोष्ट मी सन २०१४ च्या डिसेंबरात शिकलो.

त्या वर्षी मी व माझा तेरा वर्षांचा भाचा, असे आम्ही उभयता मुंबईहून रेवसला आलो आणि तेथून किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरीपर्यंत सायकलींवर गेलो. माझी सायकल माझ्या स्वतःच्या मालकीची होती. भाच्याची मात्र मागून आणलेली. आमच्या गल्लीत घरोघर वर्तमानपत्रे टाकणारे एक गृहस्थ आठवडाभर आपल्या गावी जाणार होते. त्यांनी मोठ्या मनाने आपली सायकल त्याच्या स्वाधीन केली आणि एकच अट घातली, "बाळ, सोमवारी पहाटे चार वाजता ती मला दारात हवी." त्या सायकलीवर त्यांचे पोट होते, हे भाच्याला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

कोकणाचा नकाशा समोर ठेवला, तर आमची वाट तुमच्या लक्षात येईल. सह्याद्रीवरून निघालेल्या नद्या पश्चिमेकडे धावतात आणि समुद्राला मिळताना रुंद होऊन त्यांच्या खाड्या बनतात. म्हणून किनाऱ्याने जाणाऱ्याला सरळ रस्ता असा मिळतच नाही. दर दिवशी एखादी खाडी आडवी येते. रेवदंड्याची खाडी आम्ही पुलावरून ओलांडली. परंतु राजपुरीच्या खाडीत आम्हांला फेरीबोटीचा आश्रय घ्यावा लागला. पुढे बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे आणि तवसाळहून जयगड, असे आणखी तीन वेळा सायकलींसह पाण्यावरून गेलो. बोटीवर मोटारी, फटफटी, कोळणींच्या टोपल्या आणि आमच्या दोन सायकली दाटीवाटीने उभ्या राहत. धक्क्यावरून वर आले की लागलीच घाटी लागे आणि सायकल हाताने ढकलत न्यावी लागे. सहाव्या दिवशी, शनिवारी सायंकाळी, आम्ही रत्नागिरीस पोहोचलो. तेथील स्थानक गावापासून बरेच दूर आहे, हे आमच्या थकलेल्या पायांना त्या सायंकाळी पुरेपूर कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती. आम्ही तासभर आधीच पार्सल कचेरीत जाऊन उभे राहिलो. तेथील कारकून वयाने प्रौढ व स्वभावाने शांत होते. प्रवाशाला तिकिटाबरोबर ठरावीक वजनाचे सामान विनामूल्य नेता येते. परंतु सायकल त्या सवलतीत बसत नाही, तिचे भाडे निराळे भरावे लागते, असे त्यांनी आम्हांला सांगितले. आमची तिकिटे पाहून त्यांनी प्रत्येक सायकलीची स्वतंत्र पावती केली. मग ते खिडकीबाहेर येऊन सायकली न्याहाळू लागले.

"दिवा, पंप, पाण्याची बाटली, जे जे सुटते ते काढून जवळ ठेवा," ते म्हणाले. "साखळीवर गोणपाट बांधा, म्हणजे दुसऱ्याच्या मालाला वंगण लागणार नाही. आणि नाव, निघण्याचे स्थानक व पोहोचण्याचे स्थानक दोन ठिकाणी लिहून बांधा. एक चिठ्ठी तुटली तर दुसरी राहील."

भाच्याने सुवाच्य अक्षरांत चार चिठ्ठ्या लिहिल्या. तो त्या बांधू लागला, तोच कारकुनांनी त्याच्या सायकलीच्या बैठकीखाली हात घातला आणि मळलेली, दुमडलेली एक जुनी चिठ्ठी बाहेर ओढली. मालकाने ती सायकल पूर्वी कधीतरी गावाहून रेल्वेने आणली होती. त्या वेळची चिठ्ठी तशीच राहिली होती.

"ही आधी फाडा. मालाच्या डब्यात उजेड बेताचा असतो आणि माणसाला घाई असते. त्याच्या हाताला जी चिठ्ठी लागेल, ती तो वाचणार. मग तुमची सायकल कोणत्या गावी उतरेल, सांगा बरे?"

सहा दिवस ती चिठ्ठी भाच्याच्या बैठकीखाली होती आणि आम्हां दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती. मुलांना आयुष्यभर 'नीट पाहा, नीट पाहा' असे सांगणाऱ्या मला त्या वेळी जरा ओशाळल्यासारखेच झाले.

सामानाचा डबा गाडीच्या टोकाला, गार्डाच्या डब्याला लागून असतो. (गार्डाला सन २०२२ पासून 'ट्रेन मॅनेजर' म्हणू लागले, पण आमच्या गोष्टीच्या वेळी तो गार्डच होता.) गाडी आली. हमालाने दोन्ही सायकली डब्याच्या दाराशी नेल्या. आतून पोती व खोकी यांची रास दिसत होती. दोघांनी मिळून ती थोडीफार सरकवली. मग हमाल मागे वळून म्हणाला, "एकच बसंल, साहेब. दुसरी मागनं येईल. कंची चढवू?"

मुलांनो, खरे सांगतो, माझ्या जिभेवर माझ्याच सायकलीचे नाव आले होते. ती नवी होती, महागाची होती, आणि परक्या फलाटावर तिला एकटी सोडायला माझे मन धजेना. गाडी थांबायची ती काही मिनिटेच. मी तोंड उघडण्यापूर्वीच भाचा म्हणाला, "मामा, काकांची जाऊ द्या. उद्या त्यांना पेपर टाकायचे आहेत."

मी मान हलवली. जुनी सायकल आत गेली, दार बंद झाले. कारकुनांनी माझ्या पावतीवर काही खूण केली आणि सायकल पुढच्या गाडीने पाठवण्याचे आश्वासन दिले. आम्ही पळत जाऊन जवळचा डबा गाठला. खिडकीतून मी पाहिले, तो माझी सायकल फलाटावरच्या खांबाला टेकून उभी होती.

थोड्याच वेळात गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. कोकण रेल्वेवरील हा सर्वांत लांब बोगदा; त्याची लांबी सुमारे साडेसहा किलोमीटर आहे. बाहेर आल्यावर भाचा खिडकीशी बसला आणि त्याने वही उघडली. संगमेश्वराच्या परिसरात शास्त्री नदीचा पूल आला.

"मामा, ही पुढे कुठे जाते?"

"जयगडला. परवा आपण जिच्या मुखावरून बोटीने आलो, तीच ही."

तो क्षणभर पाहतच राहिला. मग चिपळूणजवळ वाशिष्ठी आली. तिचे मुख म्हणजे दाभोळची खाडी. खेडजवळची जगबुडीदेखील तिलाच जाऊन मिळते. महाडच्या अलीकडे सावित्री आली. तीच पुढे बाणकोटची खाडी होते, आणि तिच्यावरच आम्ही बागमांडल्याहून वेश्वीला आलो होतो. शेवटी रोह्याजवळ कुंडलिका, म्हणजे रेवदंड्याची खाडी. सहा दिवसांत ज्या नद्यांची मुखे आम्ही एकामागून एक ओलांडली, त्याच नद्या आता उलट्या क्रमाने, परंतु बऱ्याच वरच्या अंगाला, आमच्या खिडकीखालून जात होत्या. येथे त्यांचे पात्र आवरलेले असल्यामुळे पूल बांधणे त्या मानाने सोयीचे. मात्र किनारा सोडून आत शिरले की सह्याद्रीचे फाटे आडवे येतात आणि ते फोडावे लागतात. किनाऱ्याच्या रस्त्याला खाड्या अडवतात, रेल्वेला डोंगर. हा मार्ग बांधण्यासाठी सन १९९० मध्ये निराळे महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन यांनी त्याची धुरा वाहिली, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. हा मार्ग येण्यापूर्वी रत्नागिरीकराला आपल्या गावी आगगाडी पाहायला मिळत नव्हती.

गाडी मुंबईस पोहोचताच भाचा डब्यातून उडी टाकून सामानाच्या डब्याकडे धावला. पावती दाखवून व सही करून आम्ही सायकल ताब्यात घेतली. घंटी तेवढी वाकली होती. ती त्याने तेथेच सरळ केली. सोमवारी पहाटे पावणेचारला त्याने मला उठवले आणि आम्ही दोघे सायकल घेऊन काकांच्या दारी गेलो. त्यांनी एकदा पुढचे चाक दाबून पाहिले, हसले, आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा मागे बांधून निघाले.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी मी पावती घेऊन पुन्हा स्थानकावर गेलो. भाच्याला माझ्याबरोबर यायचे होते, पण त्याची शाळा होती. माझी सायकल आली होती. तिला मासळीचा थोडा वास येत होता, आणि चाकांच्या तारांत जयगडच्या धक्क्यावरची वाळू अजून अडकलेली होती.