‘बघतो’ ते ‘झालं’

मराठीतला सर्वांत घातक शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर मी सांगेन : ‘बघतो’. त्यात होकार नाही, नकार नाही आणि तारीखही नाही. तरी ऐकणाऱ्याला वाटतं, काम झालंच! हा लेख त्या शब्दावर आहे. परीक्षेच्या भाषेत विषय असा : गप्पांची साधनं आणि कामाची प्रक्रिया चालवणारं सॉफ्टवेअर यांची सांगड. घाबरू नका, व्हायव्हा घेणार नाही.

एक कूलर, एक ग्रुप

दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा. तेव्हा पुण्यात मी ज्या वसतिगृहात राहायचो, तिथल्या तिसऱ्या मजल्यावरच्या वॉटर कूलरच्या पाण्याला वास यायला लागला. रात्री दहाच्या सुमारास कुणीतरी हॉस्टेलच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं. खाली पंधरा-वीस अंगठे पडले. ‘आमच्याकडे पण’, ‘फिल्टर बदला रे’. रेक्टर सरांचं उत्तर आलं, ‘बघतो’. मग भारताची मॅच सुरू झाली, कुणाचा तरी वाढदिवस निघाला आणि तो मेसेज वर वर सरकत नाहीसा झाला.

दोन आठवड्यांनी माझा रूम पार्टनर टायफॉइडने अॅडमिट झाला. तो त्या कूलरमुळेच झाला असं मी म्हणणार नाही, डॉक्टरांनीही तसं सांगितलं नाही. पण त्याच्या खाटेशेजारी बसून मी ग्रुप मागे मागे सरकवत गेलो, तो मेसेज शोधला आणि पोटात गोळा आला. सगळ्यांनी पाहिला होता. अंगठा देणाऱ्यांत मीही होतो. सरांनी सुपरवायझरला तोंडी सांगितलं होतं. सुपरवायझरला वाटलं, प्लंबरला कळलंच असेल. आणि प्लंबर त्या ग्रुपमध्येच नव्हता. म्हणजे वाईट कुणीच नव्हतं. फक्त ते काम कुणाचंच नव्हतं.

बाबांचा प्रश्न

मित्राला भेटायला माझे बाबा साताऱ्याहून आले. ते महसूल खात्यात अव्वल कारकून होते, आता निवृत्त आहेत. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे एवढंच विचारलं, “आवक नंबर काय होता?”

“बाबा, ग्रुपवर कसला आवक नंबर?”

“मग ती तक्रार नव्हेच. ती नुसती चर्चा झाली.”

खरं सांगतो, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पूर्ण सेमिस्टरमध्ये मला जे उमजलं नव्हतं, ते त्या एका वाक्यात उमजलं.

बाबांनी मग कारकुनाच्या टेबलावरची सहा गठ्ठे पद्धत समजावली. महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत ती जुनीच आहे. टेबलावरचा प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात असलाच पाहिजे : प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायची कागदपत्रे. जोडीला कार्यविवरण नोंदवही. काय आलं, कधी आलं, त्याचं काय झालं, हे तिच्यात.

यातला पहिल्या दोन गठ्ठ्यांतला फरक नीट बघा. ‘प्रलंबित’ म्हणजे चेंडू माझ्याकडे आहे, मी काही करायचं आहे. ‘प्रतीक्षाधीन’ म्हणजे मी माझं केलं, आता दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघतोय. ‘बघतो’ या शब्दात हे दोन्ही मिसळून जातात आणि म्हणूनच काम बुडतं!

ही शिस्त आपल्याकडे वेळोवेळी नव्याने लावावी लागली आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी तिथल्या कार्यालयाची घडी नव्याने बसवली. तो ‘लखिना पॅटर्न’ म्हणून प्रसिद्ध झाला. २०१७ मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी पुणे विभागात ‘झिरो पेंडन्सी’ मोहीम राबवली. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत जुने कागद लावून टेबलं मोकळी करण्याचं काम चाललं. बाबा त्यात होते. “धूळ इतकी खाल्ली की आठवडाभर खोकत होतो,” असं ते अजून अभिमानाने सांगतात.

फाइलच्या दोन बाजू

आता गंमत बघा. आज ज्याला आपण ‘कोलॅबरेशन आणि बीपीएम यांची जोड’ असं भारदस्त नाव देतो, ती सरकारी फाइलमध्ये कधीचीच आहे. फाइल उघडली की एका बाजूला टिप्पणी असते. कारकून लिहितो, त्याखाली वरचा अधिकारी शंका काढतो, त्याखाली पुन्हा उत्तर. ही झाली चर्चा. दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार, म्हणजे आलेले अर्ज आणि गेलेली उत्तरं. आणि फाइल कुणाकडून कुणाकडे कधी गेली, याची नोंद वहीत. चर्चा, कागद आणि प्रवास या तिन्हींना बांधणारा धागा एकच : फाइलचा क्रमांक.

एनआयसीने २००९ मध्ये आणलेल्या ई-ऑफिसमध्ये हीच रचना संगणकावर आली. तिथे कच्ची टिप्पणी पिवळी असते, ती बदलता येते. पक्की केली की हिरवी होते, मग बदलता येत नाही. म्हणजे बोलायला मोकळीक आहे, पण ठरलं ते ठरलं. कागदाच्या फाइलला आगीचं भय असतं, हे २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीने आपल्या सगळ्यांना दाखवलं होतंच.

आता थोडी थिअरी

टेरी विनोग्राड आणि फर्नांडो फ्लोरेस या जोडीने १९८६ मध्ये एक पुस्तक लिहिलं. फ्लोरेस हे चिलीमध्ये अय्येंदे सरकारात मंत्री होते. त्यांचं म्हणणं असं की कार्यालयातलं प्रत्येक काम हा एक संवाद असतो आणि त्याला चार पायऱ्या असतात. एक जण विनंती करतो. दुसरा कबूल होतो. काम झालं की तो तसं सांगतो. आणि पहिला मान्य करतो की हो, झालं. विनंती, कबुली, पूर्तता, पावती. आमच्या कूलरच्या बाबतीत पहिली पायरी झाली, दुसरीच्या जागी ‘बघतो’ आलं, आणि पुढचा जिनाच नव्हता.

त्यांच्या विचारांवर ‘को-ऑर्डिनेटर’ नावाचं सॉफ्टवेअरही निघालं. त्यात मेसेज पाठवताना ही विनंती आहे की कबुली, ते आधी ठरवावं लागे. लोकांना तो जाच वाटला. साहजिक आहे! ‘चहाला येतोस का’ हे विचारायला कुणी फॉर्म भरेल का?

तर हे दुखणं दोन टोकांचं आहे. नुसता ग्रुप असला की कामं वाहून जातात. नुसती प्रक्रिया असली की माणसं पळून जातात.

साधनांचा इतिहासही असाच दोन रुळांवरून गेला. १९८९ मध्ये लोटस नोट्स आलं, २००१ मध्ये शेअरपॉइंट, २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्ट टीम्स. हा गप्पांचा आणि फायलींचा रूळ. दुसरीकडे २००४ मध्ये बीपीएमएन ही प्रक्रियेचं चित्र काढण्याची पद्धत आली. तिची दुसरी आवृत्ती २०११ मध्ये निघाली आणि २०१३ मध्ये तिला आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला. हे चित्र केवळ जर्नलमध्ये चिकटवण्यासाठी नसतं. इंजिन ते वाचतं आणि चालवतं.

चित्रातल्या खुणा बाबांच्या गठ्ठ्यांशी लावून बघा, पटकन लक्षात राहतील. गोल कोपऱ्यांची चौकट म्हणजे कुणीतरी करायचं काम, म्हणजेच प्रलंबित. वर्तुळात लिफाफा म्हणजे उत्तराची वाट, म्हणजेच प्रतीक्षाधीन. सुरुवातीच्या वर्तुळात घड्याळ असेल तर ठरल्या दिवशी आपोआप सुरू होणारं काम, म्हणजेच नियतकालिक. आणि कामाच्या चौकटीच्या कडेवर घड्याळ असेल तर मुदत. ती टळली की काम वरच्याकडे जातं. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाचा गाभाही असाच आहे. सेवेला ठरलेली मुदत, ती पाळली नाही तर अपील, आणि कसूर ठरली तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. कायद्याने कडेवर घड्याळ बसवलं, इतकंच.

मग ग्रुपच्याच साधनातला छोटा वर्कफ्लो का वापरू नये? एक सही, एक होकार एवढंच असेल तर जरूर वापरा, सुट्टीच्या अर्जाला तोफ नको. पण काम दिवसेंदिवस चालणार असेल, मध्ये फाटे फुटणार असतील, बाहेरच्या माणसाची वाट बघायची असेल, तर इंजिन हवं. ते प्रत्येक प्रकरणाची स्थिती डेटाबेसमध्ये ठेवतं, सर्व्हर बंद पडून चालू झाला तरी विसरत नाही. आणि नियम बदलले तरी जुनी प्रकरणं जुन्या चित्रावर पूर्ण होऊ देतं.

आम्ही केलं काय, आणि चुकलो कुठे

मित्र बरा होऊन आला, आणि आम्ही चौघांनी हाच मिनी प्रोजेक्ट घ्यायचा ठरवला. इंजिन म्हणून फ्लोएबल घेतलं. ते मुक्त स्रोत आहे, २०१६ मध्ये अॅक्टिव्हिटीपासून वेगळं झालेलं. गप्पांसाठी टेलिग्राम, कारण तिथे बॉट बनवणं सोपं.

पहिली चूक : उत्साहाच्या भरात अकरा रकान्यांचा फॉर्म केला. विंग, मजला, तक्रारीचा प्रकार, उपप्रकार... पोरं दोन दिवसांत पुन्हा जुन्या ग्रुपवर! मग ग्रुपमध्ये एक पिन केलेला मेसेज ठेवला, त्याखाली एक बटण. दाबलं की बॉट तीनच गोष्टी विचारतो : कुठे, काय, फोटो आहे का. लगेच तक्रार क्रमांक देतो. बाबांचा आवक नंबर!

दुसरी चूक : प्रत्येक हालचालीचा मेसेज ग्रुपवर जायचा. सगळ्यांनी ग्रुप म्यूट केला. आता ज्याने काही करायचं आहे त्यालाच मेसेज जातो, आणि ग्रुपवर रात्री एकच गोषवारा.

तिसरी चूक जरा तांत्रिक आहे. सुपरवायझर काकांच्या मोबाइलला रेंज नसली की ते ‘घेतलं’ हे बटण तीन-चारदा दाबायचे आणि इंजिनपर्यंत तेवढेच निरोप पोचायचे. त्यामुळे बटणासोबत तक्रार क्रमांक आणि पायरीचा क्रमांक पाठवायला लागलो. ती पायरी आधीच झाली असेल तर पुढचा निरोप सोडून द्यायचा. दोन सिस्टिम जोडताना ‘निरोप दोनदा येणारच’ असं धरूनच चालावं.

चौथी चूक सर्वांत मोठी होती आणि ती काकांनीच दाखवली. आम्ही काम त्यांच्या नावावर टाकलं होतं. ते गावी गेले आणि सगळं अडकलं. परत आल्यावर म्हणाले, “अरे पोरांनो, मी रजेवर गेलो म्हणून नळ गळायचा थांबतो का?” तेव्हापासून काम माणसाला नाही, भूमिकेला जातं. त्या दिवशी ड्यूटीवर जो असेल त्याच्याकडे.

आणि ‘झालं’ कुणी म्हणायचं? आमच्या चित्रात काम करणारा फक्त ‘केलं’ म्हणू शकतो. प्रकरण मिटतं ते तक्रार करणाऱ्याने ‘झालं’ दाबल्यावरच. रेक्टर सरांना हे आधी रुचलं नाही. मग त्यांनीच सुचवलं की तक्रारदार तीन दिवस गप्प राहिला तर प्रकरण आपोआप मिटवा, नाहीतर पोरं विसरून जातील. बरोबर होतं त्यांचं.

सगळं गोड झालं असं नाही. एका कूलरचा सुटा भाग यायला नऊ दिवस लागले. पण त्या नऊ दिवसांत कुणालाही बघता येत होतं की तक्रार ‘प्रतीक्षाधीन’ आहे, विक्रेत्याकडे अडकली आहे, आणि तोवर पाणी दुसऱ्या मजल्यावरून भरायचं आहे. बॉटने कूलरवर चिकटवायची चिठ्ठीही तयार करून दिली होती. त्या नऊ दिवसांत तिथलं पाणी कुणी प्यायलं नाही.

सार

मित्रांनो, प्रोजेक्ट कुठलाही घ्या, गॅदरिंगचा हिशेब असो की लॅबचं साहित्य, एवढं लक्षात ठेवा. बोलणं माणसं असतील तिथे होऊ द्या, त्यांना ओढून फॉर्मवर आणू नका. पण कामाची स्थिती एकाच जागी ठेवा, ग्रुपवर नाही. दोन्हींना एका क्रमांकाने बांधा. काम भूमिकेला द्या, मुदत लावा, आणि ‘झालं’ म्हणायचा हक्क ज्याचं काम आहे त्याला द्या.

बाबांना मी डेमो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून स्क्रीन बघितली, ‘प्रतीक्षाधीन’ या शब्दावर बोट ठेवलं आणि हसले. मग विचारलं, “नष्ट करायचा गठ्ठा कुठाय? कागद नाही म्हणून कचरा होत नाही असं नाही.”

मी सवयीने म्हणालो, “बघतो, बाबा.”

त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्याने बटण दाबलं आणि त्यांना नंबर दिला.