छातीत धडधड होते, सुया टोचून घेऊ का?

नालवाडीच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे : रात्री अंथरुणाला पाठ टेकली की छातीत धडधडतं, अ‍ॅक्युपंक्चरने ठोके ताळ्यावर येतात म्हणतात, ते खरं का?

ताई, त्यात तथ्य आहे. हृदयाला त्याच्या मनासारखं चालू दिलं तर ते मिनिटाला १०० च्या आसपास ठोके देईल. निवांत बसल्यावर नाडी ७० वर येते ती व्हेगस नावाच्या नसेमुळे. मेंदूच्या बुडाशी निघून मानेतून छातीत उतरणारी ही नस हृदयाला सतत आवरून धरते. काळजी, जागरण, ऊठसूट चहा यांनी तिच्या विरोधातली सिम्पथेटिक यंत्रणा वरचढ होते आणि धडधड जाणवू लागते. सुईचा परिणाम होतो तो या दोघींच्या तोलावर. हृदयासाठी नेहमी वापरतात तो नेइग्वान बिंदू मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, आतल्या बाजूला, दोन शिरांसारख्या दिसणाऱ्या स्नायुबंधांच्या मधोमध सापडतो. त्याखालून मीडियन नर्व्ह जाते. सुई फिरवली की तिथे जड, झिणझिणल्यासारखं वाटतं आणि तो संदेश मज्जारज्जूवाटे मेंदूतल्या रक्तदाब सांभाळणाऱ्या भागापर्यंत पोचतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हा मार्ग बराच उलगडला आहे. माणसांवरचे अभ्यास मात्र छोटे आहेत आणि त्यांचे निष्कर्ष जुळत नाहीत. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर याच बिंदूचा पुरावा कितीतरी भक्कम आहे.

या विद्येशी आपलं नातंही जुनं आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरचे कोटणीस होते, आपल्या नागपूरचे चोळकर होते. त्यांच्यातलेच डॉ. बिजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले. महाराष्ट्राने तर त्यासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदाच केला. म्हणून उपचार घ्यायचेच, तर नोंदणी असलेल्या व्यक्तीकडून घ्या, आणि सुया तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघू द्या.

पण त्याआधी स्वतःची नाडी बघा. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर मोजा. आकड्यापेक्षा लय महत्त्वाची. ठोके कसेही, बेहिशोबी पडत असतील तर एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं. त्यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी धरते आणि ती मेंदूत गेली की लकवा मारतो. ही गुठळी सुईने थांबत नाही, त्याला रक्त पातळ करणारी गोळीच लागते. सेवाग्राम आणि सावंगी, दोन्ही मोठी रुग्णालयं तुम्हाला जवळ आहेत. धडधड चालू असतानाच ईसीजी निघाला तर उत्तम. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. बायांच्या धडधडीमागे रक्त कमी असणं मला फार वेळा सापडतं, आणि ते गोळ्यांनी भरून निघतं.

धडधडीबरोबर भोवळ, छातीत दुखणं किंवा धाप असेल तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन लावा. ईसीजी ठीक निघाला, झोप मात्र लागत नाही, तर सुया जरूर घेऊन बघा. झोपूनच घ्या, कारण बसल्या बसल्या काहींना चक्कर येते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. पेसमेकर असेल तर सुईला वीज जोडू देऊ नका.